पहिला घोट

माणूस जायला निघाला की आपण त्याच्या तोंडात पाणी घालतो, आणि माणूस परत आला की त्याला पहिल्यांदा पाणीच विचारतो. दारात आलेल्याला आधी तांब्या-भांडे आणि मग चौकशी, ही आपली रीत. तहानेल्याला पाणी नाकारणे आपल्याकडे पाप समजतात. या रीतीविरुद्ध मला आज चार शब्द लिहायचे आहेत. मी डॉक्टर नाही. लिहिण्याचा जो काही अधिकार आहे, तो मला एका चुकीने मिळाला आहे.

माझी आई एकाहत्तर वर्षांची. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात न्यूमोनियासाठी दाखल केले, दुसऱ्याच दिवशी श्वास पुरेना म्हणून तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवले. नऊ दिवस ती नळी होती. दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नळी काढली. काचेच्या दारातून आम्हाला आत सोडले, तेव्हा आई डोळे उघडून पाहत होती. आवाज फुटत नव्हता, पण ओठांवरून शब्द कळला : ‘पाणी.’ सिस्टर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णात गुंतली होती. तिला विचारावे, असे माझ्या मनातही आले नाही. पाणीच तर मागते आहे! मी बाटलीतले पाणी चमच्याने पाजले. पाच-सहा चमचे. ठसका नाही, खोकला नाही. संध्याकाळी ताईने थर्मासमधून चहा आणला, तोही अर्धा कप गेला. आम्ही घरी फोन केले : ‘आई चहा प्यायली!’

तिसऱ्या दिवशी आईला थंडी भरून ताप आला. छाती घरघरू लागली. रात्री पुन्हा नळी घालावी लागली आणि आणखी अकरा दिवस तिथेच काढावे लागले. ‘पोटात जायचं ते फुप्फुसात उतरलं असावं,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण तिला ठसकासुद्धा लागला नाही,’ मी म्हणालो. ‘तेच तर. गळा अजून जागा झाला नव्हता.’

कागदपत्रांत मी नंतर पाहिले. नळी काढल्याची वेळ होती, ऑक्सिजनचे आकडे होते, आणि खाली एक ओळ होती : तोंडाने घोट घोट सुरू करणे. तिला गिळता येते का, हे कुणी पाहिल्याची मात्र नोंद नव्हती. माझी चूक मी कबूल करतो. पण चूक करायला मला जी मोकळी जागा मिळाली, तिच्याबद्दल बोलले पाहिजे.

गिळणे ही साधी गोष्ट नव्हे

निरोगी माणूस दिवसातून शेकडो वेळा गिळतो. झोपेतसुद्धा लाळ गिळतो. म्हणूनच त्यात काही करामत आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. आता जरा कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. बोटाखाली काहीतरी वर उचलले जाते आणि खाली येते. ते स्वरयंत्र. घशाच्या मागच्या भागात श्वासाची वाट आणि अन्नाची वाट काही अंतर एकच असते. खाली त्यांना फाटा फुटतो. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. घोट या तिठ्यावर येताच श्वास क्षणभर थांबतो, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर-पुढे सरकते, त्यावरचे झाकण कलते आणि अन्ननलिकेचे दार उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात. जिभेपासून गळ्यापर्यंतचे कितीतरी स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या अनेक नसा एका तालात चालल्या, तरच हे जमते. ताल चुकला तर ठसका लागतो, आणि ठसका हा गळ्याचा पहारेकरी असतो. तो चुकीच्या वाटेने आलेल्याला हाकलून देतो.

आता याच तिठ्यातून, स्वरतंतूंच्या मधून, बोटाएवढी जाड प्लास्टिकची नळी नऊ दिवस ठेवली तर काय होईल? नळी जीव वाचवते, याबद्दल वाद नाही; ती नसती तर आई आज नसती. पण ती आपली खूण ठेवून जाते. गळ्याला आतून सूज येते, स्वरतंतूंवर व्रण पडतात. दिवसेंदिवस वापर नसल्याने गिळण्याचे स्नायू दुबळे होतात. सतत घासले गेल्याने आतल्या त्वचेची जाणीव बोथट होते. झोपेच्या औषधांचा अंमल पूर्ण उतरलेला नसतो, काही रुग्णांना भ्रम झालेला असतो. जठरातले आम्ल उलटे वर येते. आणि ज्याचा श्वास अजून धापेवर आहे, त्याला गिळण्यासाठी तो क्षणभरही थांबवणे जड जाते. जाणीव बोथट झाली की पहारेकरी झोपतो. पाणी श्वासनलिकेत उतरते आणि ठसका लागतच नाही. वैद्यकात याला मूक शिरकाव म्हणता येईल. ‘ठसका लागला नाही, म्हणजे नीट गेले’ हा आपला घरगुती हिशेब इथे साफ चुकतो.

दुसरा घरगुती हिशेबही असाच चुकतो. आपल्याला वाटते, पाणी सगळ्यात हलके. पाण्याने काय होणार? पण दुबळ्या गळ्याला पाणी हीच अवघड गोष्ट. ते पातळ, चटकन घरंगळणारे. गळ्याचे दार बंद होण्याआधीच तिठ्यावर पोचते. दाट पेज सावकाश सरकते, तिला सांभाळायला गळ्याला थोडा वेळ मिळतो. अर्थात दाट ते सगळ्यांनाच चालते असेही नाही. दुबळ्या गळ्यात ते मागे साचूनही राहते. कुणाला काय द्यायचे, हे तपासल्यावरच ठरते.

जिथून सुरुवात झाली तिथेच विसर

गंमत अशी की अतिदक्षता विभाग ही कल्पनाच मुळात न गिळता येणाऱ्या रुग्णांमुळे जन्माला आली. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. अनेक रुग्णांचे केवळ हातपाय नव्हे, तर गळाही लुळा पडला होता. त्यांना स्वतःची लाळ गिळता येत नव्हती, ती फुप्फुसात उतरत होती. ब्लेगडाम रुग्णालयात पहिल्या काही आठवड्यांत श्वासयंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन फुगा असलेली नळी बसवली. फुग्यामुळे लाळेची वाट अडली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरता आली. पुढे काही महिने वैद्यकीच्या सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसून त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. असे रुग्ण एकाच ठिकाणी ठेवून चोवीस तास सांभाळावेत, या विचारातून १९५३ साली इब्सेन यांनी अतिदक्षता विभाग सुरू केला.

म्हणजे या विभागाचा पहिला धडाच होता : गळा सांभाळा, नाहीतर फुप्फुस जाईल. त्यानंतर यंत्रे आली, पडदे आले, थेंब मोजणारे पंप आले. हृदयाचा प्रत्येक ठोका आज पडद्यावर दिसतो. गिळलेला घोट मात्र कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी माणसाने माणसाकडे पाहावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

हा दोष विरळा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १४ अभ्यास एकत्र पाहिले गेले. नळी काढल्यावर गिळण्याचा दोष आढळण्याचे प्रमाण त्यात ३ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत होते. एवढी तफावत का? कारण रुग्ण वेगळे, नळीचे दिवस वेगळे आणि तपासण्याची रीतही वेगळी. थोडक्यात, जो शोधतो त्याला सापडते. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या विद्यापीठ रुग्णालयाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथे निवडक नव्हे, तर नळी काढलेल्या सरसकट सगळ्या रुग्णांची तपासणी करण्याचा नेम होता. तपासलेल्या नऊशेहून अधिक रुग्णांत १२.४ टक्के, म्हणजे दर आठांत एकाला हा दोष आढळला. अतिदक्षता विभागातून बाहेर पडतानाही ज्यांचा दोष टिकून होता, त्यांतल्या सुमारे ६० टक्के रुग्णांत तो रुग्णालय सोडेपर्यंत तसाच होता. आणि दोष असलेल्यांत नव्वद दिवसांच्या आत मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ९.२ टक्क्यांनी जास्त होते.

आपल्याकडे २०२० आणि २०२१ या कोविडच्या दोन वर्षांत ज्या घरांत कुणी व्हेंटिलेटरवर होते, अशी घरे आता गावोगावी आहेत. त्यांतली कितीतरी माणसे ‘नळी निघाली, बरा झाला’ म्हणून घरी आली आणि पुढे महिनाभर जेवताना ठसकत राहिली. ‘अशक्तपणा आहे, जाईल’ यापलीकडे त्याला कुणी नाव दिले नाही.

परीक्षा एका पेल्याची

एवढा मोठा धोका, तर त्याची तपासणीही महागडी असेल, असे कुणालाही वाटेल. तसे नाही. पहिली चाळणी एका पेल्याने होते.

आधी रुग्ण पुरता जागा आहे का, सांगितलेले कळते का, उशीला टेकून ताठ बसू शकतो का, श्वास फार जलद नाही ना, हे पाहायचे. तोंड स्वच्छ करायचे. आवाज ऐकायचा, घोगरा, फुसफुसता किंवा पाण्यात बुडबुडल्यासारखा ओला आवाज ही सूचना असते. मुद्दाम खोकायला सांगायचे. खोकल्यात जोर आहे का ते कळते. मग चमचाभर पाणी. तेवढ्यावर काही बिघडले नाही तर सुमारे ९० मिलिलीटर, म्हणजे लहान पेलाभर पाणी न थांबता प्यायला सांगायचे. मध्येच थांबला, ठसकला, आवाज ओला झाला किंवा श्वास बदलला, की परीक्षा तिथेच थांबवायची आणि तज्ज्ञाला बोलवायचे. हे पाणी दिले जाते, पण प्रशिक्षित नजरेसमोर आणि सक्शनचे यंत्र हाताशी ठेवून. मी दिलेल्या पाण्यात आणि या पाण्यात फरक असतो तो एवढाच, आणि तोच सगळा.

अमेरिकेत येल येथे अशा पेलाभर पाण्याच्या चाचणीचा ३,००० रुग्णांवर अभ्यास झाला; तो २००८ साली प्रसिद्ध झाला. नाकातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीशी ताडून पाहता, ज्यांचे पाणी खरोखर श्वासनलिकेत उतरत होते, त्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक रुग्ण या साध्या चाचणीने पकडले गेले. उलट, चाचणीत नापास झालेल्या कितीतरी जणांचा गळा प्रत्यक्षात ठीक होता. म्हणजे ही चाचणी जरा जास्तच संशयी आहे. पण पहारेकऱ्याच्या जागी झोपाळूपेक्षा संशयी बरा. नापास झाल्यावर कुणाला कायमचे उपाशी ठेवायचे नसते, पुढची तपासणी करायची असते. नळी पुष्कळ दिवस असेल किंवा आवाज बसलेला असेल, तर मूक शिरकावाची शंका मनात ठेवून दुर्बिणीने पाहणे शहाणपणाचे. नाकातून बारीक दुर्बीण घालून, रंगीत पाणी वा लापशी गिळायला देऊन, गळ्याच्या तिठ्यावर काय घडते ते डोळ्यांनी पाहायचे. ही पद्धत सुझन लँगमोर यांनी १९८८ साली मांडली आणि ती खाटेपाशीच करता येते. दुसरी पद्धत बेरियम मिसळलेले अन्न देऊन एक्स-रेच्या पडद्यावर घोटाचा प्रवास पाहण्याची. तिच्यासाठी रुग्णाला क्ष-किरण विभागात न्यावे लागते.

हे काम जाणणारी माणसे आपल्याकडे नाहीत असेही नाही. वाणी आणि श्रवण यांचे शिक्षण मुंबईत आणि म्हैसूरला १९६०च्या दशकापासून दिले जाते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. पण स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतऱ्या मुलाला बोलायला शिकवणारा, एवढीच त्याची ओळख आपल्या मनात आहे. बोलण्याचे आणि गिळण्याचे अवयव एकच, त्यामुळे गिळण्याचा तज्ज्ञही तोच, हे मला आईच्या दुसऱ्या खेपेला कळले.

‘माणसं कुठून आणायची?’

हे सारे मी एका डॉक्टर मित्राला ऐकवले. तो चिडला नाही, थकलेला दिसला. म्हणाला, ‘एका सिस्टरकडे चार-चार खाटा असतात. त्यात तू आणखी एक काम वाढवतोस. माणसं कुठून आणायची?’ आक्षेप खोटा नाही. पण बर्नमध्येही पहिली चाळणी प्रशिक्षित परिचारिकाच करतात. तज्ज्ञ येतो तो नापास झालेल्यांसाठी. दहा-पंधरा मिनिटांचे हे काम, आणि ते टाळल्याने आईच्या खाटेवर अकरा दिवस जास्त गेले. त्या अकरा दिवसांत सिस्टरचे किती तास खर्ची पडले? वेळ वाचला कुठे?

त्याचा दुसरा आक्षेप आम्हां नातेवाइकांवर होता. ‘तुम्ही लोक ऐकत नाही. पाठ वळली की शहाळं, चहा, अंगारा, तीर्थ...’ हेही खरे. तीर्थ नाकारायला कुणाचे मन धजत नाही. पण ऐकत नाही म्हणण्याआधी सांगितले तर पाहिजे! मला कुणी दोन वाक्यांत सांगितले असते, की बाबा रे, गळा अजून जागा झालेला नाही, आम्ही तपासून सांगू, तोवर ओल्या कापसाने ओठ टिपा, तर मी चमचा उचलला नसता. काचेच्या दारावर पादत्राणांची सूचना असते, मोबाइलची असते. खाटेच्या उशाशी ‘गिळणे तपासलेले नाही’ एवढी पाटी मराठीत लावायला कुठला खर्च?

तिसरी शंका माझी मलाच आली. या भीतीने सगळ्यांनाच उपाशी ठेवू लागले तर? तोही अन्यायच. नाकातून नळी घालून, ‘तोंडाने काही नाही’ असे लिहून रुग्णाला दिवसेंदिवस विसरून जाणे ही काही काळजी नव्हे. तहान ही यातना आहे. शिवाय नाकातल्या नळीने फुप्फुस सुरक्षित होते असेही नाही, लाळ उतरायची ती उतरतेच. म्हणून तर तोंडाची स्वच्छता महत्त्वाची. आणि अनुभव असा, की नीट जागे असलेले बहुतेक रुग्ण नळी निघाल्यावर काही तासांत ही परीक्षा पास होतात. म्हणजे चाचणीमुळे बहुतेकांना पाणी लवकर आणि निर्धास्त मिळेल. सगळ्यांना द्या किंवा सगळ्यांना नको म्हणा, हे दोन्ही आळसाचे मार्ग आहेत. मधला मार्ग तपासण्याचा.

तेव्हा माझे मागणे फार नाही. अतिदक्षता विभाग सरकारी असो की खासगी, तिथे एक लेखी नियम असावा : ज्याला दोन दिवसांहून अधिक नळी होती, त्याला तपासल्याशिवाय तोंडाने पाणी, अन्न, गोळी काहीही नाही. तपासणीची वेळ आणि निकाल कागदावर यावा. परिचारिकांना हे शिकवावे आणि जिल्हा रुग्णालयात गिळण्याचा एक तरी तज्ज्ञ असावा. घरी सोडताना कार्डावर औषधांच्या यादीखाली, काय आणि कसे गिळायचे, हेही लिहून द्यावे.

आणि आपण काय करायचे? नळी निघाली की पेढे वाटण्याआधी एक प्रश्न विचारायचा : ‘सिस्टर, गिळणं तपासलं का?’ घरी आलेला माणूस जेवताना खोकत असेल, जेवणानंतर आवाज ओला येत असेल, जेवायला तासन्‌तास लागत असतील, वजन उतरत असेल किंवा पुन्हा पुन्हा ताप येत असेल, तर ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून द्यायचे नाही. आडवे असताना भरवायचे नाही. घाई करायची नाही.

आईची दुसऱ्यांदा नळी निघाली, तेव्हा शहरातून एक तरुण स्पीच थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. पहिल्या दिवशी आई नापास झाली. आठ दिवस दाट पेज, हनुवटी खाली करून, एक घास दोनदा गिळून. नवव्या दिवशी ती पेलाभर पाणी न थांबता प्यायली आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे मोठ्याने ‘आ’ म्हणाली. आवाज कोरडा होता, स्वच्छ होता. वॉर्डातल्या मावशींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आता आई घरी सगळे खाते. सकाळचा चहा तिला पूर्वीसारखाच बशीतून लागतो. ती पहिला घोट घेते तेव्हा मी हातातले वर्तमानपत्र खाली करून तिच्या गळ्याकडे पाहतो. कंठ वर जातो, खाली येतो. ‘असा काय बघतोस रे रोज?’ ती विचारते. मी म्हणतो, काही नाही, तू पी सावकाश.